शिबिर आटोपल्यावर

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो आणि त्या आठवड्यात ठिकठिकाणच्या कारखान्यांत आरोग्य शिबिरे भरतात. वाशिंद-आसनगावचा पट्टा असो की मुरबाडची औद्योगिक वसाहत, शिबिराची रीत सगळीकडे साधारण सारखीच. पाळी सुटल्यावर कामगार रांगेत उभे राहतात. वजन, रक्तदाब, बोट टोचून साखर, डोळे तपासून होतात. मग मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला असा सल्ला मिळतो आणि हातात एक कागद पडतो. किती जणांची तपासणी झाली तो आकडा अहवालात जातो. यात वाईट काही नाही, आणि अशी शिबिरे घेणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचेही कारण नाही. पण ज्याचा वरचा रक्तदाब १७० निघाला त्या माणसाचे तीन महिन्यांनी काय झाले, गोळी सुरू झाली का, सुरू झाली असेल तर टिकली का, हे लिहायला त्या अहवालात रकाना नसतो. या लेखातले माझे म्हणणे त्या एका रकान्याभोवती आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी जो पैसा आणि जी माणसे मिळतील ती आधी आजारी निघालेल्याच्या पाठपुराव्याला लावली पाहिजेत, उरतील ती शिबिराला. आणि हा पाठपुरावा कंत्राटी कामगाराला वगळून होत असेल, तर शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने तो झालाच नाही असे धरावे.

या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतून येतो, कारण कामाच्या ठिकाणच्या आरोग्य कार्यक्रमांवर तिथे भरपूर खर्च झाला आणि मग तो खर्च तपासलाही गेला. २०१० साली कॅथरीन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता: अशा कार्यक्रमावर एक डॉलर खर्च केला की उपचारखर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचतात. हा आकडा जगभरच्या मनुष्यबळ विभागांनी उचलून धरला. पुढे त्याच बेकर यांनी झिरुई साँग यांच्यासह नीट चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. एका मोठ्या विक्री कंपनीच्या १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणी कार्यक्रम राबवला. कर्मचारी सुमारे ३३ हजार. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. कार्यक्रमातले लोक व्यायाम अधिक करतो असे सांगत होते, पण दीड वर्षानंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारखर्च, गैरहजेरी यांपैकी कशातही मोजण्याजोगा फरक पडला नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांवरच्या, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने यामागचे कारणही दाखवले. अशा कार्यक्रमाला आपणहून येतात ते मुळातच धडधाकट असतात. आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना केली की कार्यक्रमाचा गुण आला असे वाटते. तो गुण प्रत्यक्षात माणसांच्या निवडीचा असतो. आपल्या विधानातली चूक स्वतःच्याच पुढच्या प्रयोगातून उघड करणाऱ्या या संशोधकांचे मोल मला फार वाटते, कारण आपल्याकडे शिबिरांचे आकडे कोणी असे पारखून घेत नाही.

मात्र या पुराव्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या म्हणण्याला अधिक जवळचा आहे. पेप्सिको कंपनीच्या सात वर्षांच्या कार्यक्रमाचा अभ्यास रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या कार्यक्रमाचे दोन भाग होते. एकात वजन, आहार, व्यायाम, धूम्रपान यांविषयी सल्ला. दुसऱ्यात मधुमेह, दमा, हृदयविकार असे जुने दुखणे असलेल्यांशी परिचारिकेने ठरावीक काळाने बोलत राहायचे, औषध चालू आहे का पाहायचे, अडले तर वाट काढून द्यायची. सल्ल्याच्या भागात डॉलरमागे निम्माच डॉलर परत आला. आजाऱ्यांच्या पाठपुराव्यात डॉलरमागे ३.८० डॉलर आले. दुसऱ्या भागात सहभागी झालेल्यांचे प्रमाण थोडे होते, १३ टक्के. बचतीतला त्यांचा वाटा ८७ टक्के. पैसा कुठे लावावा, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आता हे शहापूर-मुरबाडला आणून पाहू. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातले डोंगर, जंगल आणि आदिवासी पाडे मुख्यतः याच दोन तालुक्यांत राहिले. शहापूरला मध्य रेल्वेची कसारा लाइन आणि नाशिकचा महामार्ग आहे. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता हाच आधार. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूरच्या हद्दीतली. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसाचे, आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर. पहिल्या पाळीला जाणारी बाई त्याआधी पाणी भरून येते. मजुरीचे स्वरूपही मिश्र आहे. तोच माणूस आषाढात लावणीला शेतात असतो, दिवाळीच्या आगेमागे कापणीला, एरवी कारखान्यात किंवा भिवंडीच्या गोदामात, आणि बहुधा ठेकेदारामार्फत. ठेकेदार बदलला की त्याच यंत्रावर उभा असूनही तो कागदोपत्री नवा होतो. अशा माणसाला शिबिरात मधुमेह निघाला, तर औषधासाठी रुग्णालय गाठायचे म्हणजे एक खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली, आणि महिन्याचा हजेरीभत्ता असेल तर तोही गेला. महिन्यातून दोनदा बोलावले तर दोन खाडे. गोळ्या फुकट असल्या तरी त्या आणणे फुकट नसते. ‘कामगार औषध सोडून देतात’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा या खाड्यांचा हिशेब क्वचितच मांडलेला असतो.

राज्य कामगार विमा योजना, म्हणजे कामगारांच्या तोंडी असलेली ईएसआय, ही खरे तर याच अडचणीसाठी होती. १९४८ चा कायदा, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीपासून सुरुवात, १९५४ मध्ये मुंबई. आज महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. २०१९ पासून मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के वर्गणी. १५ हजार पगार असेल तर दरमहा ६०० रुपये जमा होतात. बदल्यात काय मिळते, हे नीट वाचले तर योजनेची उंची लक्षात येते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता. क्षयरोगासारख्या ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कामावर इजा झाली तर ९० टक्के. शिवाय आजारपणाचा भत्ता घेणाऱ्याला त्या काळात कामावरून काढायला मूळ कायद्यातच मनाई होती. पण प्रत्येक लाभाला अट आहे. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो, रोख भत्ता मात्र नव्या कामगाराला साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवस भरलेले असावे लागतात. क्षयाच्या दीर्घ भत्त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार वर्गणीकाळांत १५६ दिवस. दर आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्याविना जातात. लावणीला गेलेला आणि मधल्या काळात ठेकेदार बदललेला माणूस या अटींत कुठे ना कुठे अडकतो. अडकला नाही तरी डॉक्टरचा दाखला वेळेत मिळवणे, तो योग्य खिडकीवर देणे, बँक खात्याचे नाव विमा क्रमांकाशी जुळवणे हे सगळे त्याने तापात करायचे असते. मोठे रुग्णालय ठाण्याला किंवा उल्हासनगरला. योजनेत हक्क आहे, पण आजारी माणसाला त्या हक्कापर्यंत नेऊन पोहोचवणारे कोणी नेमलेले नाही.

म्हणून मी पाठपुरावा म्हणतो त्यात औषधाची आठवण हा फार छोटा भाग आहे. खोकला तीन आठवडे चाललाय म्हटल्यावर थुंकीची तपासणी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात करून घेणे, क्षयाचे निदान झाल्यावर निक्षय पोषण योजनेचे दरमहा हजार रुपये (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते पाचशे होते) खात्यात येतात का पाहणे, ईएसआयचा दाखला लावणे, सुपरवायझरशी बोलून परत येईल तेव्हा धुळीच्या खात्यातून हलवणे, घरच्या लहान मुलांची तपासणी करवणे आणि सहा महिने पुरे होईपर्यंत त्या माणसाला नजरेआड होऊ न देणे. हे एका व्यक्तीने धरून ठेवायचे काम आहे. पाच खात्यांत वाटले की ते कोणाचेच राहत नाही.

असे काम आपल्याला नवे नाही, उलट भारताने जगाला शिकवलेल्या गोष्टींपैकी ते एक आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राच्या प्रयोगाने दाखवले की गरीब वस्तीतल्या घरी राहून नियमित औषध घेतलेला रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. खाट, हवा, दूध-अंडी यांपेक्षा औषध चुकू न देणारी व्यवस्था महत्त्वाची ठरली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच शिकवलेल्या बायकांच्या हाती नवजात बाळांची घरभेट दिली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. २०१७ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. त्याची रचना साधी: राज्यभर एकच सोपी औषधयोजना, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येकाच्या नावाची नोंद, आणि जो आला नाही त्याला फोन किंवा घरी भेट. या उपक्रमाला नवे यंत्र लागले नाही. न आलेल्या माणसाची यादी दर महिन्याला कोणीतरी काढते, एवढाच त्यातला कळीचा भाग.

मग आशाताई आहेत, प्राथमिक केंद्र आहे, कारखान्याने यात कशाला पडायचे, असा पहिला आक्षेप येतो. तो गंभीर आहे, कारण सरकारी व्यवस्थेला वळसा घालून कारखान्याने स्वतःचे छोटे दवाखाने काढणे मलाही नको वाटते. पण वेळेचा मेळ बघावा. गावात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी आशा आणि परिचारिका दिवसा करतात. त्या वेळी पुरुष पहिल्या पाळीला गेलेला असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. गावच्या यादीत तो ‘भेटला नाही’ असा राहतो. उलट कंपनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून त्याच गावात शिबिर घेते, तेव्हाही तो यंत्रावर असतो. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याखालचा हा दोन टक्क्यांचा निधी केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी वापरता येत नाही, हा नियम योग्यच आहे. कारखान्याच्या आतला आरोग्याचा खर्च मनुष्यबळ विभागाच्या वहीत, आणि तो बहुतेक कायम कामगारांपुरता. कंत्राटी कामगार या दोन वह्यांच्या मधे पडतो. गावाच्या हिशेबात तो कंपनीचा आणि कंपनीच्या हिशेबात ठेकेदाराचा. म्हणून कारखान्याच्या आत एक माणूस हवा, ज्याची यादी प्राथमिक केंद्राच्या यादीला जोडलेली असेल. औषध सरकारचेच, भत्ता ईएसआयचा. कारखान्याने फक्त ती महिन्याची गोळ्यांची पिशवी पाळी सुटताना हातात पडेल अशी सोय करायची आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही.

दुसरा आक्षेप मालकांकडून येतो की ठेकेदाराची माणसे आमची नाहीत. कायद्याने हे कधीच मान्य केले नव्हते. ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगाराची ईएसआय वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाचीच होती आणि आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनी कंत्राटी कामगारांच्या कल्याणसुविधांचा भारही थेट मूळ मालकावर टाकला. त्यांतल्याच एका संहितेने कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदींसाठी संख्येची अट २० वरून ५० केली, ही मात्र मागे नेणारी गोष्ट आहे. पन्नासच्या आत माणसे ठेवणारा ठेकेदार मुरबाडसारख्या वसाहतीत शोधावा लागणार नाही.

लहान कारखान्यांना परवडणार नाही, हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पाचशेच्या वर कामगार असतील तर रुग्णवाहिका-खोली आणि तिथे परिचारिका ठेवणे बंधनकारक. त्याखालच्या बहुतेकांना प्रथमोपचाराची पेटी पुरते. तीस-चाळीस कामगारांच्या कारखान्याने स्वतंत्र परिचारिका ठेवावी असे कोणी म्हणणार नाही. पण वसाहतीतल्या दहा-पंधरा कारखान्यांनी मिळून एक परिचारिका आणि दाखले-कागद बघणारा एक कार्यकर्ता ठेवणे हा सुरक्षारक्षकांच्या एका पाळीहून मोठा खर्च नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती मोकळेपणी मांडली पाहिजे. अमेरिकेत कंपनीच उपचाराचा खर्च सोसते, म्हणून पाठपुराव्यातून वाचलेला डॉलर तिच्याच खिशात राहतो. इथे पक्षाघात झालेल्या कंत्राटी कामगाराचा भार ईएसआयवर, जनआरोग्य योजनेवर आणि शेवटी घरच्यांवर जातो. ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणतो. त्यामुळे ‘यात तुमचाच फायदा आहे’ असे मालकांना पटवण्यावर माझा भरवसा नाही. फायद्याचे गणित जुळत नाही, तिथे नियम लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो कामगारांच्या बाजूचा आहे. कंपनीला माझा आजार कळला तर माझे काम जाईल. ही भीती निराधार नाही, आणि पाठपुरावा करणारी व्यक्ती मनुष्यबळ विभागाची असेल तर कामगाराने तिला काही सांगू नये, असेच मी म्हणेन. व्यावसायिक आरोग्यसेवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५ च्या करारात यासाठी नेमकी तरतूद आहे: आरोग्य कर्मचाऱ्याला गैरहजेरीचे कारण पडताळण्याच्या कामाला जुंपता कामा नये. इथे त्याचा अर्थ असा की ती परिचारिका वसाहतीच्या सामाईक निधीतून पगार घेईल, तिच्या नोंदी तिच्याकडेच राहतील, आणि कारखान्याला फक्त एवढेच कळेल की अमुक माणूस अमुक काळ उंचीवर, भट्टीजवळ किंवा रात्रपाळीला नको. आजाराचे नाव नाही. कामगार संघटनेचा प्रतिनिधी त्या निधीवर असावा. याशिवाय केलेला पाठपुरावा पाळत ठरेल, आणि मग शिबिराचा कागद घेऊन घरी गेलेला माणूस अधिक सुरक्षित होता असे म्हणावे लागेल.

सल्ल्याचा, जीवनशैलीचा भाग अगदीच निरुपयोगी आहे का? भारतातल्या मोठ्या उद्योगांत डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या विरुद्ध दाखवता येईल. सुमारे चार वर्षांच्या प्रयत्नानंतर तिथे वजन, रक्तदाब, साखर यांत सुधारणा दिसली. मी तो अभ्यास मानतो. पण तो वर्षातून एका दिवसाच्या शिबिराचा पुरावा नाही. तिथे स्थिर कामगारवर्ग होता, आणि वर्षानुवर्षे त्याच माणसांपर्यंत जाता आले. ज्या वसाहतीत निम्मी माणसे दर काही महिन्यांनी कागदावर नवी होतात, तिथे आधी माणूस टिकवून धरावा लागेल, मग त्याच्या ताटातले मीठ.

आणि जिथे कागदच नाही, त्यांचे काय? शहापूर-मुरबाडच्या, भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने याच जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध लढे दिले, १९७६ च्या कायद्याखाली माणसे मुक्त करवून घेतली. उचलीच्या व्यवस्थेत आजारपण म्हणजे फेडीचे दिवस वाढणे. गरोदर बाई गावच्या आशाताईच्या यादीतून निघते आणि भट्टीच्या गावच्या यादीत येत नाही. बाळाची लस मधेच राहते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली केली, तिचा हेतू हाच आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरच्या सरळांबे गावात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उभारणारे यंत्र कोसळून २० जण गेले, तेव्हा बाहेरून आलेला मजूर काही दिवस सर्वांना दिसला. अपघाताला पंचनामा आहे, भरपाई आहे. वाचलेल्याच्या मोडलेल्या पायाचे पुढे त्याच्या गावी काय झाले, हे विचारणारी यंत्रणा नाही. भट्टीवर तर अपघाताचीही नोंद होईल याची खात्री नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात दिलेला निकाल इथे कामाचा आहे. त्या उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असे न्यायालयाने सांगितले. आजार हळू येतो, नोकरी लवकर सुटते, म्हणून नोंद माणसासोबत राहिली पाहिजे हे तत्त्व त्यात आहे. नव्या श्रमसंहितेने चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षाला एकदा मोफत आरोग्य तपासणीचा हक्क दिला. तो हवाच होता. पण क्षय अठ्ठाविसाव्या वर्षीही होतो, आणि तपासणीपुढे काय, यावर हा हक्क बोलत नाही. राज्याच्या नियमांत आणि तपासनीसाच्या वहीत चार गोष्टी घालता येतील: किती जणांत दोष निघाला, त्यांतले किती जण तीन महिन्यांनी उपचारावर आहेत, त्यांतले कंत्राटी किती, आणि उपचारासाठी गेलेल्या दिवसांची हजेरी कोणाकोणाची कापली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी कारखान्यात जातो, तेव्हा शिबिराच्या छायाचित्रांऐवजी त्याने हा तक्ता मागावा. सुरुवात मुरबाड वसाहत आणि आसनगाव-वाशिंद पट्टा इथून करता येईल. दोन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालय तालुक्यातच आहे, आणि गोळ्या तिथे आजही मिळतात.